बेसचं हेड घेतलं, आता बॉक्स कुठला? एक फोर-टेन की बाराचे दोन

बेस गिटारचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा अँप्लिफायर, घेऊन झालंय, हल्लीच्या पद्धतीचं दोन-अडीच किलोचं, चार ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप) पाचशे वॉट देणारं. आता त्याला कुठला बॉक्स, म्हणजे स्पीकरची पेटी, जोडायचा यावर गाडी अडलीय. अशा बेस वाजवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दहा इंची चार स्पीकरचा एक मोठा बॉक्स, ज्याला सगळे फोर-टेन म्हणतात, तो मी बरीच वर्षं वाजवला. आता बारा इंचीचे दोन सुटे बॉक्स एकावर एक ठेवून वाजवतो. दोन्हींचे गुण मी मनापासून मानतो, पण माझा कल एकीकडे आहे आणि तो लपवणार नाही.

बॉक्स कामावर ठरतो, म्हणून माझं काम आधी सांगतो. मराठी-हिंदी गाण्यांचे कार्यक्रम, कधी नाट्यगृहात, कधी मंडळाच्या मांडवात. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), त्याला लागून ढोलकी आणि ढोलक, पुढे गायक. हेडमधून डीआय, म्हणजे माइकशिवाय वायरने घेतलेला बेसचा सिग्नल, थेट मिक्सरला जातो, त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत पोचणारा बेस साउंडवाल्याच्या हातात असतो. माझा बॉक्स फक्त स्टेजपुरता, म्हणजे मला आणि तालवाल्यांना ऐकू यावं एवढ्यासाठी. ज्याच्या बॉक्सवरच अख्खा हॉल नाचणार आहे, त्याचा हिशेब वेगळा. त्याच्याकडे पुढे येतो.

फोर-टेनची बाजू खरंच भक्कम आहे. फेंडर कंपनीचा बेसमन हा बेसचा अँप्लिफायर १९५२ साली पंधरा इंची एका स्पीकरवर आला आणि दोनच वर्षांत दहाच्या चार स्पीकरांवर गेला. तेव्हापासून दहाचे चार हा बांधा टिकून आहे, ते उगाच नाही. स्पीकरच्या चार पडद्यांमध्ये काम वाटलं गेलं की प्रत्येकाला कमी हलावं लागतं, आवाज चढवला तरी तो लवकर फाटत नाही. साध्या इंचांच्या हिशेबाने बघितलं तर दहाच्या चार स्पीकरांचं क्षेत्रफळ ३१४ चौरस इंच भरतं, बाराच्या दोघांचं २२६, आणि पंधराच्या एकट्याचं १७७. हवा ढकलण्याच्या शर्यतीत फोर-टेन पुढेच. पिकने किंवा बोटाने जोरात मारलेल्या सुराला छातीवर जो धक्का बसतो, तो बाराच्या दोघांकडून त्याच प्रमाणात मला कधी मिळाला नाही.

तरीही मी तो सोडला. आणि वजनामुळे नाही सोडला, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘फोर-टेन नको, कंबर जाते’ एवढ्यावरच बहुतेकांची चर्चा संपते. जुन्या धाटणीचा, फेराइट मॅग्नेटचा फोर-टेन चाळीस किलोच्या आसपास असतो, हे खरं. पण निओडिमियमचे हलके मॅग्नेट आल्यापासून चित्र बदललंय. अ‍ॅग्विलार कंपनीच्या एसएल मालिकेतला फोर-टेन साधारण २२ किलोचा आहे आणि त्याच मालिकेतला बाराचा एक बॉक्स ११ किलोचा. दोन बारा मिळून वजन तेवढंच. फरक इतकाच की ते दोन हातांत विभागून जिना चढता येतो, आणि फोर-टेनला मूठ दोन्ही बाजूंना असल्यामुळे दुसरा माणूस शोधावा लागतो. रिक्षात पायापाशी दोन बारा मावतात. फोर-टेनला गाडीची मागची सीट पाडावी लागते. सोय आहे, पण निर्णायक नाही.

मला निर्णायक ठरली ती वेगळीच कटकट. फोर-टेन माझ्या मागे जमिनीवर, मी त्याच्यापुढे चार-पाच फुटांवर उभा, आणि मला माझाच सूर नीट ऐकू येत नाही. गुरगुर कळायची, पायाखालची फळी हलायची, पण सा कुठला आणि रे कुठला, हे कानाऐवजी बोटांवर विसंबून ठरवावं लागायचं. मग मी आवाज वाढवायचो. त्याच क्षणी समोरच्या टोकाकडून कीबोर्डवाला हात खाली करून खुणावायचा, ‘बेस कमी कर ना जरा’. मागोमाग साउंडवाल्याचं, ‘दादा, स्टेजवरचा बेस उतरवा, गायकांच्या माइकमध्ये घुसतोय.’ ज्याला ऐकू यायला हवा त्याला येत नाही आणि बाकी सगळ्यांना नको तेवढा येतो, असा तो प्रकार. अर्धं पाऊल डावीकडे सरकलो की सूर एकदम मोकळा व्हायचा, परत जागेवर आलो की बुजायचा. कार्यक्रम चालू असताना अर्ध्या पावलावर आवाज बदलत असेल तर टोनच्या नॉबला हात लावण्यात अर्थच उरत नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण तेच समजलं की निवड सोपी होते. चार तारांच्या बेसचा खालचा ई ४१ हर्ट्झचा, त्याची लहर आठ मीटरांहून लांब. ती स्टेजभर सगळीकडे पसरते, तिला दिशा नसते. पण सूर ओळखायला कान तिच्यावर फारसा अवलंबून नसतो. तो वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे त्याच्या पटीतले वरचे सूर, पकडतो, काही शेपासून हजार-दीड हजार हर्ट्झपर्यंतचे. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते तरी गंधार ऐकू येतो, तो हार्मोनिक्समधूनच. आणि हेच हार्मोनिक्स बॉक्समधून कसे बाहेर पडतात हे स्पीकरांच्या मांडणीवर ठरतं. फोर-टेनमध्ये दोन स्पीकर शेजारी शेजारी बसतात, मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर. १२०० हर्ट्झच्या आसपास तीसेक अंश बाजूला गेलात की दोघांचे आवाज एकमेकांना खोडतात. मीटरभर अंतरावर तीस अंश म्हणजे दोन फुटांहूनही कमी. माझं अर्धं पाऊल ते हेच.

त्यात भर म्हणजे उंची. फोर-टेन दोन फुटांचा, त्याची वरची जोडीसुद्धा गुडघ्यापाशी. सरळ जाणारा स्वच्छ आवाज पोटऱ्यांवर आदळतो आणि पुढे कीबोर्डवाल्याकडे जातो. कानाशी येते ती फक्त खालची घुमघुम, आणि तिथे आधीच ढोलकीचा धुम आणि ऑक्टोपॅडचा किक ठाण मांडून बसलेले असतात. अँपेग कंपनीचा १९६९ चा एसव्हीटी हा अँप्लिफायर ज्यावर उभा राहिला तो दहाच्या आठ स्पीकरांचा बॉक्स, ज्याला वाजवणारे ‘फ्रिज’ म्हणतात, त्याच्यावर लोकांचा इतका जीव का, याचं एक साधं उत्तर मला इथे दिसतं: तो चार फूट उंच आहे. वरचे स्पीकर कानाच्या बऱ्याच जवळ येतात. पण तो साठ किलोंच्या वर जातो आणि आपल्या नाट्यगृहांच्या विंगेतून ओढत न्यायचा म्हणजे चार माणसांची विनवणी आली.

बाराचे दोन बॉक्स एकावर एक ठेवले की आडव्या दिशेला एकच स्पीकर उरतो, शेजारी खोडणारा कुणी नाही. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, सूर तोच राहतो. वरचा बॉक्स मांडीच्या उंचीला येतो. मी खाली एक रिकामी पेटी घेतो, म्हणजे तो कमरेपर्यंत चढतो. पहिल्याच कार्यक्रमात मला जाणवलं ते हे की हेडचा मास्टर (आवाजाचा मुख्य नॉब) नेहमीपेक्षा बराच खाली होता आणि तरी प्रत्येक सूर कळत होता. कीबोर्डकडून खूण आली नाही. साउंडवाल्याने डीआयला हातही लावला नाही. डेसिबल मीटर लावून मी काही मोजलेलं नाही. पण ढोलकीवाल्याने आपणहून ‘आज बेस छान कळतोय’ म्हणावं, ही पावती मला पुरेशी वाटली.

याला दुसरी बाजू आहेच. एकावर एक ठेवल्यावर तेच खोडणं वर-खाली होतं. उभं राहून जुळवलेला टोन खुर्चीवर बसलात की जरा बदलतो. मी बहुतेक वेळ उभा असतो म्हणून चालून जातं. बैठकीचा कार्यक्रम असेल तर बसूनच आवाज जुळवा. आणि दोघांना शेजारी शेजारी मात्र ठेवू नका, सगळा फायदा जातो.

ओहमचा हिशेब तुम्हाला माहीत असेल, पण निवडीवर त्याचा परिणाम होतो म्हणून थोडक्यात. आठ ओहमचे दोन बारा जोडले की चार ओहम, हेडची पूर्ण ताकद मिळते. घरगुती तालीम किंवा छोट्या हॉलचं काम असलं की एकच बॉक्स न्यायचा, आठ ओहमला ताकद साधारण निम्मी, आणि ताकद निम्मी झाल्याचा फरक फक्त तीन डेसिबलचा. फोर-टेन चार ओहमचा घेतलात तर बहुतेक हेडवर पुढे दुसरा बॉक्स जोडायची वाट बंद होते. आठ ओहमचा फोर-टेन आणि वर आठ ओहमचा एक बारा, अशी जोडी पुष्कळ जण करतात. त्यात ताकद दोन बॉक्सांत सारखी वाटली जाते, म्हणजे तिकडे चौघांत जेवढी जाते तेवढी इकडे एकट्याच्या वाट्याला येते. तो बारा आधी दमणार.

दहाच्या दोन-दोन स्पीकरांचे दोन बॉक्स, पण चारही स्पीकर एका रांगेत उभे राहतील असे ठेवून, हा तिसरा मार्ग मला मोलाचा वाटतो. क्षेत्रफळ फोर-टेनएवढंच आणि वरचा स्पीकर छातीपर्यंत. दहाचा धक्का ज्याला हवाच आहे त्याने आधी हे ऐकावं. मी बारा घेतले कारण एकच बॉक्स नेऊन काम भागवायचं तेव्हा मला बाराचा भरीव आवाज अधिक आवडतो; इथे आवडीचाच भाग जास्त आहे. पंधराच्या एकट्या बॉक्सचा मी विचार सोडून दिला. त्याचा ऊबदार आवाज जुन्या गाण्यांना शोभतो, पण ढोलकीच्या शेजारी तो मला सापडत नाही.

फोर-टेन कुणी घ्यावा? ज्यांच्यामागे पूर्ण ड्रमसेट दणकून वाजतो, ज्यांची जागा ठरलेली आहे आणि बॉक्स हलवायचा नाही, किंवा गोव्यातल्या लग्नाच्या बँडसारखं, जिथे नाचणाऱ्यांपर्यंत बेस थेट स्टेजवरूनच पोचवायचा असतो. पाच तारांचा बेस, खालचा बी ३१ हर्ट्झचा, तोही जोरात हवा असेल तर जास्त क्षेत्रफळाचा उपयोग होतो. अशा ठिकाणी मीसुद्धा फोर-टेनच मागेन, फक्त तो जमिनीवर ठेवू देणार नाही.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा स्टुलावर बसून, बॉक्सकडे तोंड करून वाजवू नका. तसं सगळेच बॉक्स गोड लागतात. बॉक्सकडे पाठ करून उभे राहा, चार फूट पुढे या, वाजवता वाजवता डावी-उजवीकडे पावलं टाका, आणि शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी ऑक्टोपॅड किंवा काजोन (बसून हाताने वाजवायचं लाकडी खोक्यासारखं तालवाद्य) वाजवायला सांगा. ट्वीटरचा, म्हणजे बॉक्समधल्या तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या स्पीकरचा, नॉब शून्यावर ठेवूनही एकदा ऐका. आपल्या गाण्यांत तो फारसा लागत नाही आणि त्याची सळसळ मात्र शांत ओळींमध्ये कळते. बजेट ताणलं जात असेल तर आत्ता आठ ओहमचा एक बारा घ्या आणि दुसरा पुढच्या हंगामाला, पण त्याच कंपनीचा, तोच मॉडेल.