खानावळीच्या नळांना एरेटर: बेसिनला हवाच, पिंपाच्या नळाला नको

छोट्या हॉटेलात, खानावळीत किंवा कॅन्टीनमध्ये पाणी वाचवायचं म्हटलं की मालकासमोर सेन्सरचे नळ आणि सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रं यांचीच यादी येते. त्याआधी शे-दोनशे रुपयांना मिळणारा पितळी एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला बसवून धार आवरणारा जाळीचा छोटा तुकडा, लावून बघावा. ग्राहकांच्या हात धुण्याच्या बेसिनसाठी ही वस्तू पैकीच्या पैकी गुण घेते. स्वयंपाकघरात मात्र ती विचार करूनच लावावी लागते.

खरेदीआधी नळाची धार मोजा. एक लिटरची बाटली पूर्ण उघड्या नळाखाली धरा आणि सेकंद मोजा. पाच सेकंदांत भरली तर मिनिटाला 12 लिटर, दहा सेकंदांत भरली तर 6 लिटर. जेवणाच्या गर्दीच्या वेळी आणि दुपारी निवांत असताना, असं दोनदा मोजलेलं बरं, कारण चार नळ एकदम चालू असले की धार बदलते.

आता हिशेब. 12 लिटरच्या नळाखाली गिऱ्हाईक वीस सेकंद हात धुतं, म्हणजे 4 लिटर पाणी जातं. रोजची 300 माणसं धरली तर 1200 लिटर. तोच नळ मिनिटाला 3 लिटरवर आणला की 300 लिटरमध्ये भागतं. रोज 900 लिटर, महिन्याच्या 26 दिवसांत 23,400 लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर वाचून वर थोडं उरतं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या हॉटेलाला याचं मोल वेगळं सांगायला नको. बंगळुरूने तर 2024 च्या मार्चमधल्या टंचाईत हॉटेलं आणि इतर व्यावसायिक जागांना एरेटर सक्तीचेच केले.

दुकानात ‘एरेटर’ या एकाच नावाखाली दोन वस्तू मिळतात. मिनिटाला 3 लिटर सोडणारा तुकडा बहुधा बारीक फवारा देतो, त्यात हवा मिसळत नाही. 6 किंवा 8 लिटरचा हवा मिसळून फेसाळ, मऊ धार देतो. हाताचा साबण धुवायला फवारा पुरतो. भांडी विसळायला फेसाळ धार बरी, आणि तिथे मान फिरणारा, फवारा-धार असे दोन्ही प्रकार देणारा घ्यावा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पाण्याच्या दाबात. एरेटरवर लिहिलेला आकडा साधारण 3 बार (दाब मोजायचं एकक) दाबाचा असतो. बैठ्या हॉटेलात टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे दाब 0.3 बार. दाब दहापट कमी झाला की प्रवाह साधारण तिपटीने उतरतो. 3 लिटरचा एरेटर तिथे मिनिटाला लिटरभरच पाणी सोडतो, गिऱ्हाईक वैतागतं आणि दोन दिवसांत कोणीतरी तो काढून ठेवतं. अशा ठिकाणी 8 लिटरचा लावला तर हातात अडीच लिटरच्या आसपास पडतं, तेवढं पुरे. उलट चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर किंवा प्रेशर पंप असेल तिथे दाबानुसार प्रवाह आपोआप आवरणारा घ्या. थोडा महाग पडतो, पण धार एकसारखी राहते.

आटे तपासून घ्या. नळाच्या तोंडाला आतून आटे असतील तर 24 मिलिमीटरचा, बाहेरून आट्यांचा एरेटर लागतो. नळाला बाहेरून आटे असतील तर 22 मिलिमीटरचा, आतून आट्यांचा. मोरीतल्या साध्या नळांना बरेचदा आटेच नसतात. तिथे रबराच्या नळीने अडकवायचे जुगाड टिकत नाहीत, आट्यांचा नळच बदलावा.

बसवायला पाच मिनिटं लागतात. आधी नळ मिनिटभर पूर्ण सोडून गाळ वाहू द्या. रबरी वायसर एरेटरच्या वरच्या खाचेत सपाट बसवा, हाताने आवळा, मग कापड गुंडाळून पान्याने पाव फेरा. टेफ्लॉन टेप नको, पाणी अडवायचं काम वायसरचं आहे. कडेने गळत असेल तर वायसर मुडपलाय किंवा पडलाय. आणखी जोर लावला तर आटे मात्र जातील.

देखभाल टाळली तर वस्तू फुकट जाते. टँकर रिकामा झाल्यावर टाकीतला गाळ हलतो आणि जाळीत वाळू अडकते. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार छिद्रं बुजवतात आणि फवारा वाकडा उडून बेसिनबाहेर पडतो. अशा पाण्यावर महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी तुकडा काढून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. सुई घालू नका. छिद्र मोठं झालं की बचत संपली. स्वस्तातले प्लॅस्टिकचे तुकडे या काढ-घालीत आट्यांत चिरतात, म्हणून पितळीच घ्यावा. नळाजवळ जास्तीचा वायसर आणि एक सुटा एरेटर ठेवला की गर्दीत खोळंबा होत नाही.

पिंप, बादली, टोप भरायच्या नळाला एरेटर अजिबात नको. वीस लिटरची बादली भरायला जेवढं पाणी लागतं तेवढं लागतंच, फक्त 3 लिटरच्या एरेटरखाली कामगार सात मिनिटं ताटकळतो. गॅस गीझरच्या गरम नळालाही जपून लावा: ठरावीक प्रवाहाखाली बर्नर पेटत नाही, म्हणून गीझरवर लिहिलेला किमान प्रवाह आधी वाचा. दवाखान्यात हवा मिसळणारा प्रकार टाळावा, कारण ओलसर जाळीत जंतू वाढतात.

भांडी घासण्याच्या मोरीत एरेटरकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे पाणी जातं ते घासताना नळ चालू राहिल्याने. खरकटं आधी कोरडंच खरवडून काढायचं, एका टाकीत भिजवायचं, मग धारेखाली विसळायचं, हा क्रम लावला की 6 लिटरचा एरेटर उपयोगी पडतो. आणि गळका नळ असेल तर आधी त्याचं वायसर बदला: सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर जातात, आणि बंद नळाच्या गळतीवर एरेटर काहीच करू शकत नाही.