माउंटन बाइकला बार एंड लावावेत का? आधी हँडलबार मोजा

माझ्याकडे दोन माउंटन बाइक आहेत. एक जुनी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली: सरळ हँडलबार, रुंदी 600 मिलिमीटर, दोन्ही टोकांना बार एंड, म्हणजे शिंगांसारख्या पुढे आलेल्या आखूड दांड्या. दुसरी नवी, फुल सस्पेन्शनवाली: हँडलबार 760 मिलिमीटर, टोकं मोकळी. जुनीवरचे बार एंड मी काढणार नाही आणि नवीवर लावणार नाही. दोन्ही निर्णयांमागे कारण एकच आहे, हँडलबारची रुंदी. म्हणून बार एंड विकत घ्यायच्या आधी टेप घ्या आणि ग्रिपसकट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. आकडा 680च्या खाली आला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. 740च्या वर गेला तर निम्मा निर्णय झालाच.

बार एंडचा फायदा समजायला सायकलही लागत नाही. हात सैल सोडून उभे राहा आणि तळवे कुठे वळलेत ते पाहा. ते मांड्यांकडे, म्हणजे एकमेकांकडे वळलेले असतात. मनगटाची ती आरामाची जागा. सरळ हँडलबार धरला की तळवे खाली वळतात आणि मनगट तासन्‌तास पिळलेलं राहतं. बार एंडवर हात नेला की कोणाशी हात मिळवावा तशी पकड होते आणि तो पीळ सुटतो.

दुसरा फायदा चढावर. खोगिरावर बसून खडा चढ चढताना पुढचं चाक हलकं होतं, इकडेतिकडे भरकटतं, कधी चक्क उचललं जातं. बार एंड धरले की हात पुढे जातात, त्यांच्यामागून छाती पुढे झुकते, वजन पुढच्या चाकावर येतं आणि सायकल सरळ चालते. उभं राहून पेडल मारताना फरक आणखी जाणवतो. उजवं पेडल दाबताना उजव्या हाताने बार एंड मागे ओढायचा, डावं दाबताना डाव्या हाताने. दोर ओढताना लागतो तसा सगळ्या पाठीचा जोर लागतो. जुन्या हार्डटेलवर एका लांब चढाच्या शेवटच्या वळणाला मी नेहमी असाच उभा राहतो. बार एंड नसते तर तिथे उतरून सायकल ढकलावी लागली असती, याबद्दल मला शंका नाही.

मग हाच फायदा नव्या सायकलवर का नको? 1990च्या दशकात माउंटन बाइकचे हँडलबार साधारण 560 ते 600 मिलिमीटरचे असत, स्टेम (हँडलबारला पुढच्या फोर्कशी जोडणारा दांडा) 120-130 मिलिमीटर लांब, आणि सीट ट्यूब (खोगिराखालची नळी) जमिनीशी 73 अंशांच्या आसपास, म्हणजे मागे कललेली. त्या मांडणीत बार एंड खांद्यांपेक्षा थोडेच बाहेर येत आणि हात जिथे हवे तिथेच पडत. आता 740 ते 800चे हँडलबार सर्रास दिसतात, स्टेम आखूड झालेत आणि अनेक ट्रेल बाइकची सीट ट्यूब 75-77 अंशांची असते. चढावर स्वार आधीच पुढे बसलेला असतो. पुढचं चाक दाबून धरायचं जे काम बार एंड करायचे, त्यातलं बरंचसं फ्रेमच करून टाकते.

उरला ओढण्याचा जोर. जोर (पुश-अप) मारताना हात खांद्यांखाली टेकवून पाहा आणि मग दोन्हीकडे हातभर लांब टेकवून पाहा. दुसऱ्या वेळी दहा जोर मारतानाही खांदे भरून येतात. 760च्या हँडलबारच्या टोकांना लावलेले बार एंड धरून ओढताना नेमकं हेच होतं. मी महिनाभर लावून पाहिले. चढ सोपा झाला नाही, खांदे मात्र दुखले.

आता ब्रेक. तोट्यांमध्ये सगळ्यात गंभीर हाच आहे आणि तो कुठल्याही रुंदीला लागू होतो. बार एंडवर हात असताना बोटं लिव्हरपाशी नसतात. एकदा चढ संपून रस्ता नुकताच खाली वळला होता, हात अजून बार एंडवरच होते, आणि वळणापलीकडे एक माणूस पाठमोरा चालत होता. हात उचलून ग्रिपवर आणला, लिव्हर शोधला, ब्रेक लावला. वेग कमी होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: चढाचा माथा दिसला की हात खाली, ग्रिपवर. गर्दीत आणि गटात एकामागे एक चालवतानाही बार एंडला हात लावायचा नाही. ही सवय अंगवळणी पडेल असं वाटत नसेल तर बार एंड लावूच नका.

दुसरा धोका झाडीचा. अरुंद पायवाटेवर पुढे आलेली शिंगं फांदीत किंवा वेलीत अडकतात. साधं टोक फांदीला घासून निसटतं, पण आकड्यासारखा वळलेला बार एंड तिला पकडून ठेवतो आणि हँडलबार एका झटक्यात आडवा फिरतो.  तुमची बहुतेक राइड दाट झाडीतल्या सिंगलट्रॅकवर असेल तर रुंदी कितीही असो, माझं मत बार एंडच्या विरुद्ध आहे. उघड्या मातीच्या रस्त्यांवर, लांब संथ चढांवर आणि दिवसभराच्या प्रवासात ते कामाला येतात.

हाताला मुंग्या येतात म्हणून बार एंड शोधणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. तीन तासांच्या एका राइडनंतर मी जॅकेटची चेन लावायला गेलो आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला चेनचा पत्ताच लागेना. त्या दोन बोटांची नस तळव्याच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने जाते. तळव्याचा तो भाग ग्रिपवर सतत दाबलेला राहिला की ती दाबते. बार एंडमुळे दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलता येते, दाब दुसरीकडे जातो, आराम पडतो. पण वजन मुळात हातांवर का येतंय हे आधी पाहायला हवं. माझ्या खोगिराचं टोक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी सारखा पुढे घसरत होतो. खोगीर सपाट केल्यावर निम्मा त्रास गेला, उरलेला बार एंडने गेला. बोटं राइडनंतरही बधिर राहत असतील तर डॉक्टरांना दाखवा, सायकलच्या सामानावर भागवू नका.

रुंद हँडलबार आहे, पण पकड बदलायला जागा हवी, अशांसाठी मधला मार्ग आहे: आतले बार एंड. हे ग्रिपच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या क्लॅम्पला लागून बसतात. एसक्यूलॅब ही जर्मन कंपनी ते बनवते. हात खांद्यांच्या रुंदीला येतात, बोटं लिव्हरजवळ राहतात आणि फांदीत अडकायला बाहेर काही उरत नाही. उभं राहून जोरात ओढण्यासाठी ते नाहीत, सपाट रस्त्यावर मनगट मोकळं करायला आहेत. तेवढंच हवं असेल तर बाहेरच्या बार एंडपेक्षा मी हेच सुचवेन. एर्गॉन कंपनीच्या जीपी मालिकेतल्या काही ग्रिपना बार एंड जोडूनच येतात आणि तळव्याला रुंद आधारही असतो. लांबच्या प्रवासाला ती सोय छान. खडकाळ उतारावर मात्र मनगट सारखं हलवावं लागतं आणि तो रुंद आधार मध्ये येतो.

लावायचं ठरलं तर सगळ्यात आधी हँडलबार कशाचा आहे ते बघा. कार्बन किंवा फार हलका अॅल्युमिनियम असेल तर कंपनीची पुस्तिका उघडा. काही हँडलबारना बार एंड लावायला सरळ मनाई असते, काहींना टोकाच्या आत आधाराचा प्लग घालावा लागतो. पातळ नळीवर क्लॅम्प आवळला तर ती चेपते किंवा तडकते, आणि कार्बनची तड नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही.

क्लॅम्पसाठी प्रत्येक टोकाला जागा करावी लागते, म्हणून ग्रिप, गिअरचे शिफ्टर आणि ब्रेक आत सरकवा. हात तेवढे जवळ येतात, हे रुंदी मोजताना लक्षात घ्या. एका बाजूने बंद असलेल्या ग्रिप असतील तर त्यांचं टोक कापावं लागेल किंवा दोन्हीकडून उघड्या ग्रिप घ्याव्या लागतील. हँडलबार मात्र लगेच कापू नका.

बार एंडचा कल आडव्यापेक्षा 15 ते 20 अंश वर ठेवून सुरुवात करा आणि चढावर हाताला कसं वाटतं ते पाहून बदला. उभे आकाशाकडे केले तर ओढायला काही मिळत नाही आणि पडताना छातीत लागायचा धोका वाढतो. टोकांचे प्लग न विसरता बसवा. उघडी नळी पडल्यावर अंगात घुसते.

आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, वापरा. क्लॅम्पवर आणि हँडलबारवर लिहिलेल्या आकड्यांपैकी जो लहान तो पाळा, बहुतेकदा तो 5 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. मग सायकल उभी धरून बार एंडवर अंगाचा भार टाका. जरा जरी फिरला तर राइडला निघू नका. फिरला नाही तर क्लॅम्प आणि हँडलबारच्या सांध्यावर मार्करने एक रेघ ओढा. पहिल्या तीन-चार राइडनंतर रेघेचे दोन तुकडे अजून समोरासमोर आहेत का, तेवढं बघा.