घरी येऊन एनआयपीटीचं रक्त नेणाऱ्यांपासून सावध (इंदूर)

इंदूरच्या मराठी मंडळींनो, ज्यांच्या घरी कोणी गरोदर आहे त्यांनी हे वाचाच. माझ्या वहिनीला छत्तिसावं लागलंय, या वयात डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो म्हणून एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषांचा अंदाज घेणारी टेस्ट) करायचं ठरलं होतं, तेवढ्यात एका एजंटचा फोन आला, मॅडम घरी येऊन सॅम्पल नेतो, स्वस्तात करून देतो. रामबागेत दादाकडे आला, रक्त घेतलं, १४ हजार यूपीआयने घेतले तेही स्वतःच्या नावावर, आणि जाता जाता हळूच म्हणे मुलगा की मुलगी तेही कळेल, त्याचे वेगळे. वहिनीने तिथेच झापलं त्याला. लिंग सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, असं कोणी बोललं की तिथेच दार दाखवा.

तेव्हा तिला आठवा आठवडा चालू होता आणि ही टेस्ट १० आठवडे झाल्यावरच करतात, कारण वारेतून आईच्या रक्तात येणारा डीएनए त्याआधी पुरेसा नसतो. हे त्याने सांगितलंच नाही. रिपोर्ट आला, मोठ्या लॅबचा लोगो, लो रिस्क, खाली ठळक अक्षरात की आता कुठल्याच तपासणीची गरज नाही. घरात सगळे निर्धास्त.

एनटी सोनोग्राफीला (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, यात फीटल फ्रॅक्शन कुठंय? म्हणजे रक्तातल्या डीएनएमध्ये बाळाकडचा किती टक्के, साधारण ४ टक्क्यांपेक्षा कमी आला तर बऱ्याच लॅब रिझल्टच देत नाहीत, परत रक्त मागतात. आमच्या रिपोर्टवर तो आकडाच नव्हता. आणि ही नुसती स्क्रीनिंग आहे, हाय रिस्क आलं तर गर्भजल तपासून पक्कं करावं लागतं, लो रिस्क आलं तरी सोनोग्राफी सुटत नाही. लॅबला फोन केला तर म्हणाले या नंबरचं सॅम्पल आमच्याकडे आलेलंच नाही!

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण बाळाला खरंच काही असतं तर? आम्ही त्या कागदावर विसंबून बसलो असतो आणि पुढच्या तपासण्यांची वेळ निघून गेली असती, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आता दवाखान्यातूनच नव्याने रक्त पाठवलंय. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार केलीय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण. एजंटचा फोन अजून चालू आहे, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या घरी जातच असणार. तुमच्याकडे आला तर लॅबचा नंबर त्याच्याकडून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा, आणि रक्त देऊन झालं असेल तर सॅम्पलचा बारकोड सांगून ते पोचलं का विचारा.