काकांच्या बीपीसाठी काय घ्यावं: स्मार्टवॉच की दंडाचं मशीन?

यवतमाळकडच्या चुलत भावाने विचारलंय. काका अजून वावरात राबतात, बीपीची गोळी सुरू आहे.

आधी अचूकता. मशीन दंडातली धमनी हवेच्या पट्ट्याने दाबतं आणि पट्ट्यात उमटणाऱ्या स्पंदनांवरून दाब काढतं. घड्याळातला हिरवा प्रकाश कातडीखालचं रक्त कमीजास्त होताना टिपतो. त्यावरून नाडी कळते, बीपी मात्र अंदाजाने काढलेलं असतं. त्यात डवरणी करताना हात हलतो, घामाने पट्टा सरकतो, मग नाडीचा आकडाही भरकटतो. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या तर वाटेलाच जाऊ नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिलाय.

मेहनत मशीनला जास्त. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, उघडा दंड छातीच्या पातळीवर. काकांना कंटाळा येईल, पण त्याला इलाज नाही. बहुतेक मशीन सेलवर चालतात, म्हणजे भारनियमनाची चिंता नाही.

काकांसाठी मशीनच घे, पट्टा दंडाच्या मापाचा बघून. तुला स्वतःचं चालणं, झोप, नाडी बघायची असेल तर घड्याळ पुरेल.