शिआन की लुओयांग? चीनच्या दोन जुन्या राजधान्या

तीनच दिवस असतील तर शिआन गाठा. १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज शहराच्या पूर्वेला आहे. जाऊन येऊन बघायला सहा तास तरी धरा. तिकीट पासपोर्टच्या नावावर निघतं, ते आधीच काढा. स्टेशनबाहेर स्वस्तात नेतो म्हणणाऱ्यांच्या मागे गेलात, तर नकली पुतळ्यांच्या दुकानी पोचण्याची शक्यता मोठी. मिंग राजघराण्याच्या काळातल्या तटबंदीचा फेरा सुमारे १४ किलोमीटर आहे. वर भाड्याने सायकल मिळते, पण विटा खडबडीत असल्याने वेग मिळत नाही. दोन तास हाताशी ठेवा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये बांधलेला पॅगोडाही इथलाच.

लुओयांग शांत आहे, आणि लेणी बघून वाढलेल्या मराठी माणसाला ते जास्त जवळचं वाटेल. इथल्या लोंगमेन लेण्यांतला १७ मीटर उंच वैरोचन बुद्ध पूर्वेकडे तोंड करून बसला आहे. म्हणून सकाळीच जा: ऊन थेट चेहऱ्यावर पडतं, पापण्यांची हलकी झुकण स्पष्ट दिसते. दुपारनंतर तो सावलीत जातो. मग पूल ओलांडून पूर्वेच्या काठावरून अख्खा डोंगर बघा. श्वेताश्व मंदिराच्या आवारात सांचीच्या धर्तीवरचं भारतीय मंदिर आहे. २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं.

वेगवान रेल्वेने या दोन शहरांमधलं अंतर दोनेक तासांचं. मे आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळा, सुट्ट्यांची गर्दी असते.