खासगी विद्यापीठ की शिवाजी विद्यापीठाचं स्वायत्त कॉलेज? मेकॅनिकलच्या १६ महिन्यांनंतरचा अनुभव

तिसऱ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर गेल्या आठवड्यात झाला. २०२४ च्या पावसाळ्यात इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना मला ज्या गोष्टी कुणीतरी सांगायला हव्या होत्या, त्या आता डोकं ताजं आहे तोवर लिहून टाकते. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. पप्पा फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) मोल्डर आहेत, म्हणजे ओतकामाचे साचे बनवतात. किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पंप, ओतकाम, लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या माळावर कारखाना उभा केला आणि आमच्याकडच्या किती घरांची चूल त्यावर पेटली, हे वेगळं सांगायला नको. मेकॅनिकल घ्यायचं हे माझं ठरलेलंच होतं. नातेवाईक कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणून मागे लागले होते, पण तो विषय घरात एका संध्याकाळीच मिटला. खरा प्रश्न होता कुठे घ्यायचं.

समोर दोन वाटा होत्या. एक, आपल्या भागातली शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं. सांगलीत विश्रामबागचं वालचंद (१९४७ पासूनचं, वालचंद हे नाव १९५५ मध्ये मिळालं), कराडचं शासकीय अभियांत्रिकी (१९६०) आणि इस्लामपूरजवळचं आरआयटी म्हणजे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३). दोन, पुण्याकडचं एक खासगी विद्यापीठ, जिथे माझ्या पर्सेंटाइलला सहज जागा मिळत होती आणि ज्यांचे फोन रोज येत होते.

मी पहिली वाट धरली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या एकाच कॉलेजच्या माथी मारण्यासारख्या नाहीत. तीन ठिकाणी शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

आधी त्या खासगी विद्यापीठाची भेट सांगते. पप्पांनी रजा टाकली, आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. काचेची इमारत, थंडगार हॉल, हातात फाइल. समोरच्या मॅडमनी पॅकेजचे आकडे दाखवले आणि "आज बुकिंग केलंत तर पहिल्या वर्षाच्या फीमध्ये सवलत" असंही सांगितलं. पप्पा शांतपणे म्हणाले, "वर्कशॉप बघायचंय." किल्ली सापडायला पाऊण तास गेला. आत लेथ रांगेत उभे, नवे कोरे, अंगावर प्लॅस्टिक. पप्पांनी एका लेथखालच्या ट्रेमध्ये हात फिरवला आणि बोटं मला दाखवली. धूळ होती. लोखंडाचा कीस नव्हता, तेलाचा ओशटपणाही नव्हता. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, यंत्र चालतंय का बंद आहे ते ट्रेमध्ये बघायचं. भिंतीवरचं पोस्टर बघून काय कळणार?"

नंतर आम्ही आपल्या भागातली कॉलेजं बघितली, तेव्हा हीच कसोटी लावली. जे मी निवडलं तिथले लेथ जुने होते, दोन बंदही होते, पण चालू असलेल्यांच्या ट्रेमध्ये कीस होता आणि दुसऱ्या वर्षाची पोरं काळ्या हातांनी चहा पीत बाहेर बसली होती.

पैशाचं गणित मोठं होतं, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला की व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हा लाभ खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत मिळत नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. आमच्या घरासाठी निम्मा निर्णय इथेच झाला. त्या हॉलमधल्या मॅडम हे आपणहून सांगत नव्हत्या, मी विचारल्यावर "आमची वेगळी स्कॉलरशिप आहे" एवढंच उत्तर मिळालं. मुलींनो, तुमचे आईवडील पुण्याच्या फीच्या आकड्याने घाबरून "डिप्लोमा कर" म्हणत असतील तर आधी त्यांना हे वाचून दाखवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर जिथे लागतं तिथे, हे सगळं मे महिन्यातच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर जी गर्दी उसळते तिच्यात माझे तीन दिवस गेले.

आणि कटऑफची यादी वाचायला शिका. मी पहिल्यांदा चुकीच्या रकान्यात बघून रडले होते. प्रवर्गाच्या कोडच्या शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातले, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले, एस म्हणजे राज्यस्तरीय. सुरुवातीला एल असेल तर ती जागा मुलींची. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे आपल्याला इथे कुठला रकाना लागू आहे ते प्रत्येक कॉलेजपुढे तपासावं लागतं. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर "बघू तरी मिळतंय का" म्हणून काही टाकू नका.

"स्वायत्त" या शब्दाबद्दल घरोघरी गैरसमज आहे. आमच्या शेजारच्या काकूंना वाटलं डिग्री विद्यापीठाची नसणार. तसं नाही. डिग्री शिवाजी विद्यापीठाचीच मिळते, फक्त अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं. वालचंदला ही स्वायत्तता २००७ मध्ये मिळाली, आरआयटीला २०११ मध्ये. रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा की परीक्षा वेळेवर होतात, निकाल लवकर लागतो आणि वर्षभर काहीतरी चालूच असतं. आयएसई (सेमिस्टर चालू असतानाच्या चाचण्या), एमएसई (मधली परीक्षा), ईएसई (शेवटची परीक्षा), मध्ये सबमिशन. जो मुलगा बारावीपर्यंत शेवटच्या महिन्यात अभ्यास करून निभावत आला, त्याला पहिलं सेमिस्टर जड जातं. मला गेलं. मॅथ्सच्या एमएसईमध्ये मी कशीबशी काठावर पास झाले.

परदेशात पुढे शिकायचं मनात असेल तर आणखी एक. नॅक आणि एनबीए ही दर्जाची दोन मानांकनं. नॅक कॉलेजला मिळतं, एनबीए ब्रँचला मिळतं. मेकॅनिकलला एनबीए आहे का, आणि असेल तर टियर वन की टियर टू, हे विचारा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांकडे मान्य करणाऱ्या देशांच्या कराराचा) कायम सदस्य आहे, पण तिथली मान्यता टियर वनच्या अभ्यासक्रमांनाच लागू होते. कॉलेजच्या गेटवर नुसतं "एनबीए मानांकित" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष शिक्षण. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. सहा मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलचे दोन चौकोनी तुकडे, एकाला व्ही खाच, दुसऱ्याला व्ही टोक, एकमेकांत बसले पाहिजेत. हॅकसॉ, कानस, गुण्या, स्क्रायबर. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. मी दोन्ही तुकडे जुळवून सरांकडे नेले, त्यांनी ते खिडकीसमोर धरले, आणि मधून केसाएवढा उजेड दिसला. "परत," एवढंच म्हणाले. मी पुन्हा कानस मारायला बसले. चौथ्या खेपेला उजेड दिसेनासा झाला, तेव्हा सरांनी सही केली. त्या दिवसापासून ड्रॉइंगवर लिहिलेला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) माझ्यासाठी नुसता आकडा राहिलेला नाही. एका मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे किती, ते हाताला कळलं.

तिसऱ्या सेमिस्टरला एसओएमच्या (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे पदार्थांची ताकद) लॅबमध्ये यूटीएमवर, म्हणजे ताण देऊन तपासायच्या यंत्रावर, सळी ताणून तोडायची असते. माइल्ड स्टीलची सळी आधी ताणत जाते, यील्डला (जिथून सळी कायमची ताणली जाते तिथे) काटा घुटमळतो, मग पुढे सरकतो, कमाल लोडनंतर सळी मध्येच बारीक व्हायला लागते आणि एकदम मोठा आवाज करून तुटते. एक टोक वाटीसारखं, दुसरं शंकूसारखं. त्यानंतर बिडाचा (कास्ट आयर्नचा) तुकडा लावला. काहीच बारीक झालं नाही, कसलीही सूचना न देता सरळ आडवा तुटला. सरांच्या परवानगीने ते तुकडे मी घरी नेले. पप्पांनी तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, राखाडी दाणेदार पृष्ठभाग बघून लगेच म्हणाले, "हे बीड." मी त्यांना आतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं चित्र वहीत काढून दाखवलं, भेग तिथूनच कशी धावते ते सांगितलं. तीस वर्षं ते बीड ओतत आले आहेत. चित्र बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी मला विचारलं की एसजी आयर्नमध्ये (जास्त चिवट बिडात) मॅग्नेशियम घालतात त्याने या पापुद्र्यांचं काय होतं. ते गोळे होतात, म्हणून भेग अडते. हे मी पुस्तकात आदल्या आठवड्यात वाचलं होतं, आणि ते मॅग्नेशियम घालताना उठणारा पांढरा झगझगीत उजेड त्यांनी शेकडो वेळा बघितलेला. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतोय, पण त्यांच्या कामाबद्दल असं बोलणं त्या रात्री पहिल्यांदा झालं.

तक्रारी आहेतच. एका यूटीएमभोवती वीस जण उभे असतात, मागच्यांना काटा दिसतच नाही. मी पुढे घुसते म्हणून मला दिसलं. जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलची नक्कल, आणि ती तपासणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ही गोष्ट मला खरंच लागते, कारण प्रयोग चांगला होतो आणि लिखाण खोटं होतं. थर्मोला (थर्मोडायनॅमिक्स, उष्णतेचा विषय) सेमिस्टरच्या मध्यात सर बदलले, नव्या सरांनी एन्ट्रॉपी दोन तासांत संपवली. ती मी एनपीटीईएलच्या (आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन वर्गांच्या) व्हिडिओंवर परत शिकले. कॅड लॅबमधले (संगणकावर ड्रॉइंग करायच्या लॅबमधले) संगणक असेंब्लीची, म्हणजे अनेक भाग जोडलेली, फाइल उघडताना अडकतात. होस्टेलला उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. आणि आमच्या वर्गात मुली सातच, त्यामुळे गटात काम वाटताना रिपोर्ट आपसूक आमच्याकडे सरकवला जातो. आता मी पहिल्याच दिवशी सांगते, मशिनिंग माझ्याकडे.

प्लेसमेंटबद्दल मी अजून काही बोलणार नाही, दोन वर्षं बाकी आहेत. सीनियरांकडून एवढंच कळलं की जे बॅनरवर छापतात तो एकाचा सर्वांत मोठा आकडा असतो. यादीत बरोबर मध्यावर असलेल्या मुलाला किती मिळाले आणि मेकॅनिकलचे किती जण सॉफ्टवेअरला गेले, हे विचारलं तर सीनियर खरं सांगतात. ते कँटीनमध्ये विचारायचं. उलट इंटर्नशिपला आपला भाग चांगला आहे. कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसी, खाली कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, साताऱ्याकडे कूपर, फलटणला कमिन्स या कंपन्या. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी कुपवाडच्या एका छोट्या मशिन शॉपमध्ये महिनाभर फुकट काम केलं. मालकांनी पहिले दहा दिवस फक्त मापं घ्यायला लावली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज अशा मापाच्या साधनांनी दिवसाला शंभरेक नग. पुण्याच्या त्या विद्यापीठात शिकणारा माझा शाळेतला मित्र अजून अशा कुठल्या शॉपमध्ये उभा राहिलेला नाही. त्याचं कोडिंग मात्र माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, त्यांचे लॅपटॉप, सॉफ्टवेअर, क्लब सगळंच चांगलं आहे. त्याला रोबोटिक्सच्या सॉफ्टवेअरकडे जायचंय, त्याच्यासाठी ती निवड ठीकच होती. घरची ऐपत असेल आणि वाट ती असेल, तर मी कुणाला अडवणार नाही.

यंदा माझा मामेभाऊ बारावीला आहे, त्यालाही मेकॅनिकलच हवंय. मामा म्हणतात रविवारी गाडी काढू, सगळी कॉलेजं एका दिवसात बघून येऊ. मी त्यांना मंगळवारी यायला सांगितलंय. मंगळवारी दुपारी दोनला वर्कशॉपची बॅच असते.