धनुष्कोडीला जाताय? रिक्षाच करा, आणि चर्चपाशी थांबाच

आईची काशी आधीच झालेली, सेतूची वाळू न्यायची राहिली होती, म्हणून गेल्या महिन्यात तिला रामेश्वरला घेऊन गेलो. पहिल्या दिवशी लॉजवाल्याने ठरवून दिलेल्या टूर गाडीने धनुष्कोडीला गेलो आणि नुसता वैताग आला. टोकाला अरिचलमुनैला वीस मिनिटं, फोटो काढा, चला बसा, आणि येताना पडक्या गावापाशी गाडी थांबवायलाच तयार नाही, वर म्हणे तिथे बघण्यासारखं काय आहे. अहो तिथेच तर सगळं आहे!

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या पूर्व गोपुरापाशी एक रिक्षा केली, ७०० रुपये जाऊन-येऊन, हा रिव्ह्यू त्या रिक्षावाल्या अण्णांसाठीच. हिंदी मोडकंतोडकं पण सांगतात मनापासून. घाई अजिबात नाही, आईचे गुडघे दुखतात म्हणून रिक्षा अगदी चर्चपर्यंत आणली.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीपर्यंत धनुष्कोडी हे नांदतं गाव होतं, स्टेशन, पोस्ट, शाळा सगळं, सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) तलैमन्नारला जाणारी बोट इथूनच सुटायची. त्या रात्री वादळ आलं, पांबनहून निघालेली पॅसेंजर स्टेशनाच्या अलीकडेच लाटेखाली गेली, आत ११० प्रवासी आणि रेल्वेची ५ माणसं, एकही वाचलं नाही, विनातिकीटवाले तर यात धरलेलेच नाहीत. सगळी मिळून १८०० च्या आसपास माणसं गेली. रामेश्वर बेटाला जोडणारा, वादळात मोडलेला पांबनचा रेल्वेपूल ई. श्रीधरन यांनी (हो, आपल्या कोकण रेल्वेचे) ४६ दिवसांत उभा केला, पण धनुष्कोडीची लाईन परत टाकलीच नाही, गाव राहण्यालायक नाही म्हणून सरकारनेच जाहीर केलं.

चर्चची भिंत जवळून बघा. दगड म्हणजे पोवळ्याचा खडक आहे, त्यात बारीक चांदण्यांसारखी नक्षी दिसते, हात लावला की खरखरीत लागते. वर छप्पर नाही. आई तिथे हात ठेवून बराच वेळ उभी होती, मग हळूच म्हणाली, पोरंबाळं झोपलेली असतील रे तेव्हा. मला काही बोलताच आलं नाही. पलीकडे कोळ्यांच्या झोपड्या आहेत, तिथे एक बाई वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरत होती, समुद्र पन्नास पावलांवर आणि पाणी चक्क गोडं, अण्णांनी आम्हाला पाजलं.

एक गोष्ट खटकली, लोक त्या भिंतींवर नावं कोरतात. कृपा करून असं करू नका, माणसं गेलीयेत तिथे.

सावली कुठेच नाही, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, सकाळी सहाला निघा. रिक्षा ठरवतानाच सांगा की चर्च आणि स्टेशनपाशी तासभर थांबायचंय. अण्णांना ५ पैकी ५. वाळू आईने टोकाची नाही घेतली, स्टेशनाजवळच्या किनाऱ्यावरची घेतली, पदरात बांधून.